दोन टी-वन

वनखात्याच्या कागदांत यवतमाळ जिल्ह्यात एकाच वेळी दोन टी-वन वाघिणी नांदत होत्या. एक टिपेश्वर अभयारण्याच्या आत. दुसरी पांढरकवडा प्रादेशिक विभागात, राळेगाव-केळापूरकडच्या वावरांतून, नाल्यांतून आणि झुडपी जंगलातून फिरणारी. अभयारण्याची नोंदवही वेगळी, प्रादेशिक विभागाची वेगळी, म्हणून दोघींच्या वाट्याला एकच क्रमांक आला. दोघींना पिल्लं झाली आणि दोन्हीकडच्या पहिल्या पिल्लाची नोंद सी-वन अशीच झाली.

बाहेरच्या टी-वनला वन्यजीवप्रेमींनी नाव दिलं अवनी. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री ती गोळीने मेली. आतल्या टी-वनच्या सी-वनला 27 फेब्रुवारी 2019 रोजी बेशुद्ध करून गळ्यात रेडिओ कॉलर बांधली गेली. पुढे जगभरच्या वर्तमानपत्रांत तो ‘वॉकर’ म्हणून गाजला. दोन घटनांमध्ये चार महिन्यांचंही अंतर नाही. जिल्हा एक, खातं एक, कायदाही एकच. एका वाघिणीला शोधण्यासाठी जंगजंग पछाडलं आणि शेवटी अंधारात गोळी झाडली. दुसऱ्या वाघाचा ठावठिकाणा मात्र देहरादूनला बसलेल्या माणसाला तासातासाला कळत होता. वाघावर नजर ठेवणं आणि वाघाचं काय करायचं ते ठरवणं ही दोन कामं किती निराळी आहेत, हे पाहायला यवतमाळसारखी दुसरी जागा शोधूनही मिळायची नाही.

आधी बाहेरच्या टी-वनबद्दल.

राळेगाव, केळापूर आणि मारेगाव तालुक्यांच्या पट्ट्यात जंगल सलग नाही. एक तुकडा सागाचा, त्याला लागून कपाशी, मधे तूर, मग ओढा, पुन्हा झुडपं, पुन्हा वावर. सरकारी नकाशावर वनजमीन आणि शेतजमीन यांच्यामधली रेघ ठळक असते. प्रत्यक्षात तिथे एक धुरा असतो, त्यावर बोरी-बाभळी असतात आणि तिथूनच ढोरं आत जातात. बोराटी, लोणी, सराटी ही गावं तेव्हा बातम्यांमधून सगळ्यांना ठाऊक झाली. 2016 च्या जूनपासून दोन वर्षांत या पट्ट्यात तेरा माणसं वाघाच्या हल्ल्यात गेली. बहुतेक जण गुरं चारणारे किंवा शेतात राबणारे. सगळे बळी एकाच वाघिणीचे का, यावर न्यायालयातही वाद झाला, कारण त्याच भागात एक नर वाघही होता. पण 2018 च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यात तिघं गेली, तेव्हा त्या वादात गावांना काडीचा रस उरला नव्हता.

गावांची अडचण ज्याला कळायची त्याने महिना पाहावा. पोळा झाला, दसरा आला की कपाशीची बोंडं फुटायला लागतात. वेचणी थांबवता येत नाही. फुटलेला कापूस पावसात भिजला की त्याचा भाव पडतो, आणि वेचणारी बाई वाकून, कपाशीच्या झाडांत अर्धी बुडून, कमरेच्या ओटीत कापूस भरत पुढे सरकते. वाघाला ती माणसासारखी दिसतच नाही, असं वन्यजीव अभ्यासक सांगतात. उभा माणूस त्याच्या शिकारीच्या आकारात बसत नाही, वाकलेला बसतो. यावर खात्याचा सल्ला असा की गटाने जा, मोठ्याने बोला, सूर्य मावळायच्या आत परत या. सल्ला बरोबर आहे. पण रात्री रानडुकरं आणि रोही तूर-कपाशी लोळवतात, त्या राखणीला कुणी जायचं, हे त्यात नाही. शेतीपंपाला वीज कित्येकदा रात्रीच मिळते, तेव्हा पाणी द्यायलाही रात्रीच जावं लागतं.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्याच्या कलम 11 प्रमाणे वाघासारखा पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला, तर मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याचा आदेश देऊ शकतो. पण आधी त्याला पकडून किंवा बेशुद्ध करून हलवणं शक्य नाही, याची लेखी खात्री त्याने द्यायची असते. टी-वनच्या आदेशातही क्रम तोच होता: आधी बेशुद्ध करा, जमलं नाही तरच गोळी. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं, तिथून दिल्लीला. 11 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला.

त्यापुढचे सात-आठ आठवडे कुणी कादंबरीत लिहिले असते तर संपादकाने कापून टाकले असते. शंभरावर ट्रॅप कॅमेरे, दोनशेच्या आसपास वनकर्मचारी, ड्रोन, पॅराग्लायडर, मध्य प्रदेशातून आणलेले हत्ती. चंद्रपूरहून आणलेला गजराज नावाचा हत्ती साखळी तोडून पळाला आणि त्याने एका बाईचा जीव घेतला. वाघिणीपासून वाचवायला आलेल्या मोहिमेतच माणूस गेला. मग हत्ती परत पाठवले. एका नामांकित गोल्फपटूची इटालियन जातीची शिकारी कुत्री आली. कॅल्विन क्लाइनचं ‘ऑब्सेशन’ नावाचं अत्तर जंगलात शिंपडलं गेलं. त्यात जवादी मांजराच्या कस्तुरीसारखा वास असतो आणि मोठ्या मांजरांना त्याची ओढ असते, हे न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात आधी दिसलेलं होतं. वर्तमानपत्रांनी या अत्तराची भरपूर थट्टा केली. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. हातात काही लागत नसताना खात्याने जे सुचेल ते करून पाहिलं. हसायचंच असेल तर शिकाऱ्यांच्या नेमणुकीवरून पशुवैद्य आणि अधिकाऱ्यांत जी रस्सीखेच चालली होती, तिच्यावर हसावं.

2 नोव्हेंबरला शुक्रवार होता, राळेगावचा बाजार. बाजारातून परतणाऱ्यांना बोराटीच्या रस्त्यावर वाघीण दिसली. निरोप गेला, जिप्सी निघाली. हैदराबादचे शिकारी नवाब शफात अली खान यांना खात्याने पाचारण केलं होतं; त्या रात्री जिप्सीत त्यांचा मुलगा असगर अली खान होता. कक्ष क्रमांक 149 मध्ये त्याच्या गोळीने टी-वन मेली. बेशुद्ध करणारा डार्ट आधी मारला, वाघीण गाडीवर चालून आली म्हणून गोळी झाडावी लागली, असं सांगण्यात आलं. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी समितीला ते पटलं नाही. ज्याने गोळी झाडली त्याला तसा अधिकार दिलेला नव्हता, बेशुद्ध करण्याचे नियम पाळले गेले नाहीत आणि डार्ट मारताना पशुवैद्य सोबत नव्हता, असे ठपके समितीने ठेवले.

दिवाळी चार-पाच दिवसांवर होती. गावांत त्या रात्रीच फटाके वाजले, पेढे वाटले गेले. मुंबई-पुण्यात त्याच दिवसांत मेणबत्त्या पेटल्या. फटाक्यांची बरीच निंदा झाली. ज्यांच्या घरातला माणूस अर्धवट खाल्लेल्या स्थितीत सापडला होता, त्यांनी वाघिणीच्या मृत्यूवर कोणत्या चेहऱ्याने वावरावं हे दुरून ठरवणाऱ्यांना पुरावा म्हणून एकदा वेचणीला न्यायला हवं होतं. मात्र फटाके समजून घेणं म्हणजे त्या रात्रीच्या कारभाराला माफी देणं नव्हे. ती वाघीण पकडता आली असती की नाही हे आता कुणालाच सांगता येणार नाही. नियम मोडल्याचा खरा तोटा हाच आहे.

तिची दोन पिल्लं मागे राहिली. मादी, म्हणजे सी-टू, 22 डिसेंबर 2018 रोजी सापडली आणि पेंचला हलवली गेली. तितरलमांगीच्या बंदिस्त जंगलात तिला शिकार करायला शिकवलं. मार्च 2021 मध्ये तिला मोकळं सोडलं आणि दहा-बारा दिवसांच्या आत दुसऱ्या वाघिणीशी झालेल्या झुंजीत ती मेली. जिथे सोडलं ते जंगल रिकामं नव्हतं. नर पिल्लू, म्हणजे या घरचा सी-वन, खात्याच्या हाती कधी लागलाच नाही.

वाघ मोजायची पद्धत बदलली नसती तर या दोन टी-वन वेगळ्या ओळखूही आल्या नसत्या. पूर्वी पाऊलखुणांवरून मोजणी व्हायची. मातीत उमटलेल्या पंज्यावर काच ठेवायची, काचेवर पेनाने बाह्यरेषा काढायची, मग कागदावर, आणि जमलं तर प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा. ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधुरी यांनी रुजवलेली ही पद्धत तीस-पस्तीस वर्षं चालली. माती मऊ की कडक, वाघ चालत होता की पळत होता, यावर पंजा बदलतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी आकडे वाढत राहिले. 2005 मध्ये राजस्थानच्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरलेला नाही हे उघड झालं, तेव्हा कागदावरचे वाघ कागदावरच होते हे मान्य करावं लागलं. 2006 च्या नव्या मोजणीत देशात 1411 वाघ निघाले, महाराष्ट्रात 103. 2018 ला महाराष्ट्रात 312 झाले, 2022 ला 444.

हे आकडे ज्याच्या पायांवर उभे आहेत तो बीटचा, म्हणजे जंगलाच्या नेमून दिलेल्या एका तुकड्याचा, वनरक्षक. दर चार वर्षांनी येणाऱ्या या मोजणीत प्रत्येक बीटमध्ये तो मांसभक्षी प्राण्यांच्या खुणा शोधत तीन वेळा पाच-पाच किलोमीटर चालतो. विष्ठा, ओरखडे, मुताचा वास, पंजे. मग दोन किलोमीटरच्या ठरलेल्या सरळ रेषेवरून पहाटे चालत चितळ, रोही, डुकरं मोजतो; समोर काटेरी झुडूप आलं तरी रेषा सोडायची नाही. हे सगळं मोबाइलमधल्या अ‍ॅपवर. त्यानंतर कॅमेरे. दोन चौरस किलोमीटरच्या चौकोनात एक जोडी, वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर, गुडघ्याइतक्या उंचीवर. जोडी का, तर वाघाच्या डाव्या अंगावरचे पट्टे उजव्या अंगाशी जुळत नाहीत. एकच बाजू टिपली तर एक वाघ दोनदा मोजला जाण्याची भीती. दोन्ही बाजू हाती आल्या की मग संगणक पट्ट्यांचे नमुने ताडून पाहतो.

कॅमेरा लावणं तसं सोपं. लावणारा आधी समोरचं गवत छाटतो, कारण वाऱ्याने गवत हललं तरी कॅमेरा क्लिक करतो आणि कार्ड उघडल्यावर शेकडो फोटो निव्वळ गवताचे निघतात. त्यानंतर ढोरं. मग बकऱ्या, कुत्री, सायाळ. मोळीवाल्या बाया. मोहफुलं वेचायला निघालेलं पोर कॅमेऱ्यात डोकावून पाहतं, तेही. सोळाशे फोटोंत वाघ चार असतील तर मोहीम फळली म्हणायचं. बायांच्या फोटोंचा प्रश्न किरकोळ नाही. उत्तराखंडच्या कॉर्बेटमध्ये एका संशोधकाला असं आढळलं की वाघांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांची बायकांना धास्ती वाटते, जंगलात त्या गाणं-बोलणं टाळतात. वाघाच्या मुलखात गप्प चालणं किती धोक्याचं, ते वर आलंच आहे.

आता आतल्या टी-वनचा मुलगा.

टिपेश्वर अभयारण्य 148.63 चौरस किलोमीटरचं. 1997 साली जाहीर झालं. नागपूर-हैदराबाद महामार्गावर पांढरकवडा सोडलं की सुन्ना गेट लागतं. त्याच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावर पैनगंगा आणि पलीकडे तेलंगणचा आदिलाबाद जिल्हा. जंगल लहान, पण पाणी बरं आणि चितळ-डुक्कर भरपूर, त्यामुळे वाघिणी इथे वरचेवर व्यायल्या. 2016 च्या उत्तरार्धात आतल्या टी-वनला तीन नर झाले. अडीच वर्षांचा नर आईच्या हद्दीत राहू शकत नाही, बापाच्या तर नाहीच. इतक्या छोट्या अभयारण्यात तीन भावांना जागा कुठून येणार? ते बाहेर पडणार हे ठरलेलंच होतं. कोणत्या वाटेने, हे पाहायला देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचे डॉ. बिलाल हबीब यांच्या चमूने वनखात्यासोबत सी-वनला कॉलर बांधली.

2019 च्या जूनमध्ये तो निघाला. पैनगंगेच्या पलीकडे आदिलाबाद, परत नांदेड, मग हिंगोली, वाशीम, अकोला, बुलढाणा. महाराष्ट्र आणि तेलंगणातल्या सात जिल्ह्यांतून तो फिरला. रात्री चालायचा, दिवसा नाल्यात नाहीतर उभ्या पिकात पडून राहायचा. सोयाबीनमध्ये, कपाशीत, उसात त्याच्या बाजूच्या वावरात माणसं निंदण करत असत आणि त्यांना पत्ता नसे. डिसेंबरच्या सुरुवातीला तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तेव्हा त्याची चाल तेराशे किलोमीटरांवर गेली होती. टिपेश्वर ते ज्ञानगंगा नकाशावर सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरही नाही! नऊ महिन्यांत एकूण तीन हजारांवर किलोमीटर आणि पाच हजारांहून जास्त ठिकाणांची नोंद. भारतात एखाद्या वाघाचा इतका मोठा प्रवास त्याआधी नोंदला गेला नव्हता.

या नऊ महिन्यांत माणसाशी त्याची गाठ एकदाच वाईट पडली. हिंगोली जिल्ह्यात तो झुडपात पडून होता, घोळका आत घुसला, आणि एक जण जखमी झाला. एरवी डुकरं आणि अधूनमधून एखादं जनावर. एकाच जिल्ह्यातून निघालेले दोन वाघ, दोघांच्या वाटेवर सारखीच वावरं, सारखीच माणसं. एकीच्या नावावर तेरा बळी, दुसऱ्याने कुणाला मारलं नाही. या फरकाचं उत्तर काय? वाघिणीबरोबर पिल्लं होती, ती एका जागी बांधलेली होती, वॉकर रोज पुढे सरकत होता, हे मला सगळ्यात पटणारं कारण वाटतं. थांबलेल्या वाघाशी गावाला रोज जुळवून घ्यावं लागतं. जाणाऱ्या वाघाची बातमी होते.

2020 च्या मार्चअखेर कॉलर उतरली. तिच्यात दूरवरून सोडता येणारी कडी असते. मग तो पुन्हा पट्ट्यांवरून ओळखायचा वाघ झाला, कॅमेऱ्यासमोर आला तर. ज्ञानगंगा 205 चौरस किलोमीटरचं आणि तिथे तेव्हा दुसरा वाघ नव्हता. त्याच्यासाठी मादी आणून सोडावी का, याचा खात्यात बराच खल झाला. आणली तर पिल्लं होणार, पिल्लं मोठी होणार, तीही निघणार, आणि भोवती सगळी शेती. मादी आली नाही. नऊ महिने तासातासाला माहिती पुरवणाऱ्या उपग्रहाने या एका प्रश्नावर कुणालाही मदत केली नाही.

ही अडचण फक्त आपली नाही. जगाच्या वरच्या टोकाला, कॅनडातल्या हडसन उपसागराच्या काठी चर्चिल नावाचं हजाराच्या आतल्या वस्तीचं गाव आहे. तिथे ध्रुवीय अस्वलं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गावाभोवती गोळा होतात, म्हणजे नेमकी आपल्याकडे वेचणी चाललेली असताना. समुद्र गोठायची ती वाट पाहतात. बर्फ झाला की त्यावरून सील मारायला निघून जातात. गावात शिरणाऱ्या अस्वलासाठी एक तुरुंगच आहे. पिंजऱ्यात पकडलेलं अस्वल तिथे महिनाभरापर्यंत ठेवतात, पाणी देतात, अन्न देत नाहीत, म्हणजे गावाची चटक लागायला नको. मग हेलिकॉप्टरला बांधलेल्या जाळीतून दूर नेऊन सोडतात. गावात अस्वल दिसलं की फोन करायचा, गस्तीची गाडी येते. व्यवस्था उत्तम. तिचं श्रेय सरकारला द्यायला हरकत नाही, फक्त हेही लक्षात ठेवावं की चर्चिलच्या माणसाला रोज पहाटे अस्वलाच्या वाटेवर वाकून मजुरी करायची नसते.

कॉलरच्या बाबतीतही उत्तरेकडचे शास्त्रज्ञ अडलेले आहेत. नर ध्रुवीय अस्वलाची मान डोक्यापेक्षा जाड असते. कॉलर बांधली की ते पंजाने ओढून डोक्यावरून काढून टाकतं. म्हणून कित्येक वर्षं कॉलरचा अभ्यास फक्त माद्यांचा झाला आणि नर कुठे हिंडतात हे त्या मानाने अंधारातच राहिलं. आपल्या तरुण वाघाची अडचण निराळी: त्याची मान वाढत असते, म्हणून पट्टा सैल ठेवावा लागतो आणि वेळेत उतरवावा लागतो.

जगाच्या खालच्या टोकाला प्रकरण मासेमारीचं. अंटार्क्टिकाच्या समुद्रात क्रिल नावाचे बोटाएवढे कोळंबीसारखे जीव असतात, त्यांच्यावर पेंग्विन, सील, देवमासे जगतात. तिथली मासेमारी नियंत्रित करायला 1982 मध्ये एक आंतरराष्ट्रीय करार लागू झाला. त्याचं कार्यालय ऑस्ट्रेलियात होबार्टला आहे आणि 1980 च्या दशकापासून भारतही त्यात आहे.  त्या करारात एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. क्रिल किती उरलं हे कळण्यासाठी करारातले देश पेंग्विनची घरटी, पिल्लांची वजनं, आई-बाप भक्ष्य आणायला किती वेळ समुद्रात राहतात हे वर्षानुवर्षं मोजतात. खाणाऱ्याची तब्येत पाहून खाद्याचा अंदाज. तरी ठराव एकमताने व्हावा लागतो. दक्षिण अटलांटिकमधली क्रिलची वर्षाची मर्यादा 6 लाख 20 हजार टन. ही मासेमारी वेगवेगळ्या पट्ट्यांत विभागून व्हावी असा एक नियम होता. 2024 मध्ये त्याची मुदत संपली आणि तो पुढे चालू ठेवण्यावर सगळे देश एकत्र आले नाहीत. 2025 मध्ये बोटी पेंग्विनच्या जवळच्या पाण्यात एकवटल्या, पहिल्यांदाच मर्यादा गाठली गेली आणि हंगाम संपायच्या आत ऑगस्टमध्ये मासेमारी बंद करावी लागली. मोजणी चोख होती. भांडण मोजणीवर नव्हतंच.

यवतमाळात इतके देश नाहीत, पण खाती आहेत. अभयारण्य वन्यजीव विभागाकडे. बाहेरचं जंगल प्रादेशिक विभागाकडे, काही वनविकास महामंडळाकडे. झुडपी जंगलाचं घोंगडं महसूल आणि वन यांच्यात कित्येक वर्षं भिजत पडलेलं होतं. तारांत करंट सोडला तर वीज कंपनी आणि पोलीस. डुकरांनी पीक खाल्लं तर पंचनाम्याला वनपाल आणि तलाठी दोघं हवेत. वाघ या सगळ्यांच्या हद्दी एका रात्रीत ओलांडतो. वाघाने माणूस मारला तर राज्य सरकार 2023 पासून 25 लाख रुपये देतं, आणि ते बहुतेक वेळा मिळतातही. डुकराने लोळवलेल्या तुरीचं मात्र इतकं कमी आणि इतक्या उशिरा मिळतं की शेतकरी पंचनाम्याच्या भानगडीत न पडता तार लावतो.

तार डुकरासाठी असते. वाघ तिच्यात अडकतो. 2021 च्या एप्रिलमध्ये मुकुटबन परिक्षेत्रात एका गुहेच्या तोंडाशी वाघीण मेलेली सापडली. ती गाभण होती, गळ्यात तारेचा फास रुतलेला होता आणि पुढचे पंजे कापून नेलेले होते. 2025 च्या सुरुवातीला टिपेश्वरमधल्या एका तरुण वाघिणीच्या गळ्यातही फास दिसला. तिला बेशुद्ध करून तो काढला गेला. तो फास कुणाच्या नजरेला पडला? ट्रॅप कॅमेऱ्याच्या आणि पर्यटकांच्या. म्हणजे नजर ठेवण्याचा उपयोग झाला, नक्कीच झाला. पण सुटलेली वाघीण पुन्हा त्याच धुऱ्यावर जाणार, जिथे अजून तारा आहेत, कारण डुकरं अजून आहेत. अभयारण्याभोवतीच्या गावांना गॅस सिलिंडर, सौर कुंपण देणारी जन-वन विकास योजना 2015 पासून चालू आहे. माझ्या मते या जिल्ह्यात वाघासाठी सगळ्यात मोठं काम रेडिओ कॉलरने होणार नाही, डुक्कर आत येऊ न देणाऱ्या कुंपणाने होईल. त्याच्यावर कुणी माहितीपट काढणार नाही, तो भाग वेगळा.

ही चर्चा चालू असताना टिपेश्वरचे तरुण वाघ निघतच आहेत. मार्च 2021 मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि जळगावच्या सीमेवरच्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात कॅमेऱ्याने एक वाघ टिपला. तिथे 1940 नंतर वाघाची नोंद नव्हती. पट्टे जुळवले तर तो टिपेश्वरचा. त्याला कॉलर नव्हती, म्हणून तो कोणत्या वाटेने गेला, कुणाच्या उसात झोपला, काहीच माहीत नाही. आणि 2024 च्या डिसेंबरात धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात एक वाघ दिसला. नकाशावर सरळ रेष ओढली तरी टिपेश्वरपासून तीनशे किलोमीटरांहून जास्त. मराठवाड्याचा तो कोपरा, भोवती ज्वारी, हरभरा आणि द्राक्षबागा, आणि ज्याला अभयारण्य म्हणायचं ते सगळं मिळून बावीसेक चौरस किलोमीटर. पट्टे पुन्हा टिपेश्वरच्या नोंदीशी जुळले.

धाराशिव आणि बार्शीकडच्या गावांना वाघाची सवय नाही. पोळ्याला बैल सजवणारी, पण वाघाने बैल मारल्यावर पंचनामा कुणाकडे करायचा हे माहीत नसलेली गावं. जनावरं मरू लागली तशी ओरड झाली. जानेवारी 2025 मध्ये त्याला बेशुद्ध करून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात हलवायची परवानगी मिळाली. सह्याद्रीत वाघ हवेतच, तेव्हा दोन्ही कामं एकदम होतील असा हिशेब. ताडोब्याचं बचाव पथक आलं. वाघ कॅमेऱ्यात यायचा, डार्टच्या टप्प्यात यायचा नाही. डोंगर, घळी आणि बागांमधून तो बार्शी तालुक्यात जायचा, परत यायचा. पथकाने कित्येक आठवडे काढले आणि ते हात हलवत परत गेलं. गावांना सांगितलं गेलं की अंधार पडल्यावर एकटं शेतात जाऊ नका आणि जनावरं गोठ्यात बांधा. हरभऱ्याला पाण्याची पाळी तेव्हा रात्रीचीच होती.